दार माझं, जिना भावाचा

आग लागली तर आपण मरणार, याबद्दल जपूनरावाच्या मनात शंका नव्हती. कोणामुळे मरणार, एवढाच प्रश्न होता. कवळीकाकांमुळे, बॅटरीमुळे, की न्हाणीघरातल्या गीझरमुळे.

जपूनराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण कुणी चहाचं भांडं उतरवलं की तो म्हणायचा "जपून", कुणी जिना उतरायला लागलं की "जपून", आणि एकदा समोरच्या इमारतीत कुणीतरी शिंकलं, तेव्हाही खिडकीतून त्याच्या तोंडून तेच निघालं होतं. त्यानंतर खरं नाव वापरण्यात कुणाला अर्थ वाटेना. वय चौतीस, लग्न नाही, नोकरी विमा कंपनीच्या दावा विभागात. ज्यांची घरं जळाली ती माणसं दिवसभर त्याला अर्ज करायची, आणि ती त्यांच्याच चुकीने कशी जळाली हे तो त्यांना अत्यंत आदराने कळवायचा. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, तथापि" अशी त्याच्या प्रत्येक उत्तराची सुरुवात असे. 'तथापि' हा शब्द इतक्या हळुवारपणे वापरणारा माणूस त्या ऑफिसात दुसरा नव्हता.

दिवसभर जळक्या घरांत वावरून हा माणूस संध्याकाळी परत यायचा तो या घरात. दुसरा मजला. जिना चढून आलं की आधी स्वयंपाकघर, मग एक लांबलचक अंधारा पॅसेज, आणि पॅसेजला आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागून एक चार खोल्या. चार खोल्यांत चार भाडेकरू, आणि सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर.

पहिल्या खोलीत कवळीकाका. दंतवैद्यांना कवळ्या बनवून देणं हा त्यांचा धंदा, आणि तो ते खोलीतच, स्पिरिटच्या दिव्यावर मेण वितळवून करत. दिव्याच्या एका बाजूला जुन्या वर्तमानपत्रांची चळत आणि दुसऱ्या बाजूला पडदा. पडदा दिव्याकडे झुकलेला असे. दुसऱ्या खोलीत बॅटरी. हा घरोघरी सामान पोचवायचा आणि स्कूटरच्या बॅटऱ्या रात्रभर उशाशी चार्जिंगला लावून त्यांच्या उबेत झोपायचा. तिसऱ्या खोलीत सिस्टर, म्हणजे इस्पितळातली नर्स. तिची बहुतेक रात्रपाळी. दिवसा ती कानात कापूस घालून, आतून कडी लावून अशी झोपायची की तिला उठवायला तिच्याच इस्पितळातून माणसं आणावी लागली असती. मधेच न्हाणीघर, आणि त्यात एक गॅसचा गीझर, जो पेटताना आधी 'भप्प' करायचा आणि मग ठरवायचा.

चौथी, अगदी टोकाची खोली जपूनरावाची. थोडक्यात, आग कुठेही लागली तरी ती जपूनराव आणि जिना यांच्या मधेच लागणार होती.

त्याच्या खोलीला लागूनच मागचं दार होतं. त्यापलीकडे खाली मागच्या गल्लीत उतरणारा लोखंडी जिना होता, असं सगळे सांगत. पाहिला कुणीच नव्हता, कारण दाराला मुठीएवढं गंजकं कुलूप होतं आणि ते कवळीकाका राहायला आले त्याच्याही आधीपासून होतं.

एका संध्याकाळी बॅटरीच्या खोलीतून प्लास्टिक जळल्याचा वास आला. चार्जर वितळून फरशीला चिकटला होता.

"काही नाही हो," बॅटरी म्हणाला, "वास आहे नुसता."

"वास नुसता नसतो," जपूनराव म्हणाला. "वास ही सुरुवात असते."

"तुमची सगळ्याचीच सुरुवात असते, जपूनराव. कधीतरी शेवटाचं पण बघा."

जपूनरावाने त्याच संध्याकाळी मालकांना बोलावून घेतलं.

मालक दोन गल्ल्या सोडून राहत. गोड, दुःखी चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांच्याशी भांडता येत नसे. भिंतीशी भांडता येतं, भिंत निदान मधे तरी येते. मालक आधीच बाजूला झालेले असत.

"मालक, मागचं दार उघडून द्या."

"तुमचं शंभर टक्के बरोबर आहे," मालक म्हणाले. "दार हे उघडण्यासाठीच असतं."

"मग किल्ली द्या."

"किल्लीचं काय, सापडेल. पण कसं आहे, दार माझं आहे, जिना भावाचा आहे."

"म्हणजे?"

"वाटणीत. हा मजला मला आला, मागची गल्ली आणि लोखंडी जिना त्याला गेला. आमचं बोलणं नाही. तुम्ही दार उघडून पाऊल टाकलंत की ते पडणार भावाच्या हद्दीत. तो कोर्टात जाईल."

"आग लागली असली तरी?"

"आगीचं काय घेऊन बसलात? तो त्याचीच वाट बघतोय." मालकांनी जपूनरावाच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुम्हा सगळ्यांना पोटच्या पोरांसारखं मानतो. काळजी करू नका." आणि पोटच्या पोरांना सोडून ते निघून गेले.

हे सगळं संभाषण समोरच्या बाल्कनीतून व्यायाममास्तरांनी ऐकलं. व्यायाममास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण सल्ल्यातून झाले नव्हते.

"दोर घ्या!" त्यांनी तिथूनच आवाज दिला. "माणसाला पळायला दार लागत नाही, मनगट लागतं! पलंगाच्या पायाला बांधा आणि खिडकीतून सरळ खाली!"

"त्यांना नका हो नादाला लावू," आतून मास्तरांच्या बायकोचा आवाज आला. "आपला पंखा काढताना काय झालं होतं, आठवतंय ना?"

पंखा काढताना काय झालं होतं हे जपूनरावाने विचारायला हवं होतं. दिवसभर लोकांच्या चुका तपासणाऱ्या माणसाला स्वतःची चूक समोरून येताना दिसत नाही, हे दुर्दैव आहे. तथापि.

रविवारी सकाळी प्रात्यक्षिक झालं. दोर नवा होता, गाठ मास्तरांनी बाल्कनीतून सांगून बांधून घेतली होती, आणि गाठ शेवटपर्यंत सुटली नाही. सुटला तो पलंग. जपूनराव खिडकीबाहेर लोंबकळला मात्र, पलंग जागचा हलला आणि करकरत, फरशीवर रेघा ओढत, धन्याच्या मागोमाग निघालेल्या कुत्र्यासारखा खिडकीपर्यंत आला. जपूनराव एका झटक्यात एक मजला खाली गेला आणि तिथेच अडकला.

पहिल्या मजल्यावर बायकांचा शिवणवर्ग चालायचा. एवढ्या शिलाई मशिनांचा आवाज एकदम थांबला, तेव्हा जपूनरावाने डोळे उघडले. गजाविना मोठी खिडकी, आणि पलीकडे गळ्यात टेप घातलेल्या वर्गाच्या बाई.

"माप द्यायचं असेल तर पुढच्या दाराने यायचं," बाई म्हणाल्या.

"मला... आत घ्या," जपूनराव म्हणाला.

"पुरुषांचं आपल्याकडे घेत नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं, आणि त्याला आत ओढेपर्यंत वर्ग हसत होता. जाताना एका विद्यार्थिनीने त्याच्या पँटची उसवलेली शिवण तिथल्या तिथे घालून दिली. सरावाला म्हणून. तो अपमान त्याला सगळ्यांत जास्त लागला, कारण शिवण उत्तम आली होती.

बातमी मालकांपर्यंत गेली. मालक दुसऱ्याच दिवशी आले, सोबत वेल्डर घेऊन. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच स्वतःहून आले होते.

"तुमचं शंभर टक्के बरोबर होतं," ते गहिवरून म्हणाले. "हे घर सुरक्षित नाही. तुम्ही पडला असता." आणि त्यांनी जपूनरावाच्या खिडकीला लोखंडी गज बसवून दिले.

त्या संध्याकाळी जपूनराव पलंगावर बसून गजांकडे पाहत राहिला. पूर्वी त्याच्या खोलीला पळायला अर्धी जागा होती. आता तीही सुरक्षित झाली होती.

ऑफिसात त्याच्या वरिष्ठांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "भाड्याच्या घरांसाठी तक्रारीची हेल्पलाइन आहे की," ते म्हणाले. "नाव गुप्त ठेवतात. करा फोन. असं काही होऊन तुमचा दावा माझ्याकडे आला, तर मला तो नाकारावा लागेल हो. बरं दिसणार नाही."

जपूनरावाने जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

"आत्ता आग लागली आहे का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"नाही."

"मग लागली की दुसऱ्या नंबरवर फोन करायचा."

"आग लागायच्या आधीची तक्रार आहे."

 अशी तक्रार तिच्याकडे पहिल्यांदाच आली असावी. मग ती म्हणाली, "बोला, रेकॉर्ड होतंय." आणि जपूनराव बोलला. गेली कित्येक वर्षं त्याला कुणी 'बोला' म्हणालं नव्हतं. तो दारापासून सुरू झाला आणि काकांच्या दिव्यावरून, बॅटरीच्या उशावरून, सिस्टरच्या कानातल्या कापसापर्यंत गेला. दावा विभागात कमावलेली सगळी भाषा त्याने त्या फोनवर खर्च केली. फोन ठेवला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. खरं तर तेव्हाच त्याला भीती वाटायला हवी होती.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मालक धावत आले. चेहरा पांढराफटक.

"कुणीतरी तक्रार केली. उद्या तपासणी आहे."

"बरंच झालं की," जपूनराव म्हणाला. त्याला हवा होता तितका साधा आवाज निघाला नाही.

"काय बरं झालं! नात्यात नसलेली एवढी माणसं एका घरात भाड्याने ठेवायची तर परवाना लागतो. मागे दुसरा जिना लागतो, धुराची घंटी लागते, काय काय लागतं. माझ्याकडे परवाना नाही. तपासनीस बाई येतील, बघतील आणि घराला सील ठोकतील. संध्याकाळपर्यंत सगळे बाहेर."

 सिस्टर कामावर निघायच्या तयारीत होती. ती हातात पर्स घेऊन तशीच स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकली.

"मी कुठे जाणार?" ती म्हणाली. "एकटी बाई, रात्री बाहेर, दिवसा झोपते. हे ऐकून किती जणांनी तोंडावर दार लावलंय, सांगू?"

बॅटरीला स्कूटरसकट कुणी घर देत नव्हतं. काकांना तर कुणीच देत नव्हतं. एकटा म्हातारा, घरात जाळ करणारा. हा माणूस मेल्यावर कुणाला कळवायचं, हा प्रश्न मालकलोक त्यांना तोंडावर विचारत. काका खाली मान घालून प्लास्टरचा एक जबडा पुसत राहिले.

 त्याने मागचं दार मागितलं होतं. आता पुढचंही जाणार होतं.

"एक मार्ग आहे," मालक म्हणाले. "कुटुंबाला परवाना लागत नाही."

"कुठल्या कुटुंबाला?"

"तुमच्या."

भूमिका वाटायला बसले, तिथेच पहिलं भांडण झालं. काका वडील, यावर वाद नव्हता. सिस्टर आई व्हायला तयार नव्हती. "ह्याची आई?" जपूनरावाकडे बघत ती म्हणाली. "मी ह्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे, बाळंतपण शाळेत झालं का माझं?" बॅटरीला तिचा नवरा करावा असं मालकांनी सुचवलं, तेव्हा ती म्हणाली, "ह्याला मी सलाइनसुद्धा लावणार नाही." शेवटी ती थोरली बहीण झाली, जपूनराव मधला, बॅटरी शेंडेफळ. मालक आईचे भाऊ, म्हणजे मामा. मामाच्या घरात भाचरं राहतात, त्याला कोण परवाना मागणार?

"पण आई?" बॅटरी म्हणाला.

"वारली," काका पटकन म्हणाले. त्यांना ही भूमिका आवडायला लागली होती. "तुमच्या लहानपणीच. फार सोसलं तिने." आणि त्यांनी आपल्या खोलीतून आईचा फोटोही आणला. तो कवळ्यांच्या जाहिरातीचा होता. फोटोतली बाई बत्तिशी दाखवत हसत होती. खालची 'आता बिनधास्त चावा' ही ओळ मालकांनी कात्रीने कापून टाकली.

तालीम वाईट झाली. इतकी वर्षं 'सिस्टर, तुम्ही' म्हणणाऱ्या जपूनरावाच्या तोंडात 'ताई, तू' बसेना. "ताई, तू... आपण चहा घेणार का?" असं तो म्हणाला, तेव्हा सिस्टर म्हणाली, "हा आम्हाला सील करून दाखवणार."

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. सर्दी झालेली, खांद्याला जड पिशवी, हातात टॉर्च. सगळं घर त्या काही न बोलता फिरल्या. स्वयंपाकघरात थांबल्या.

"मिठाच्या चार बरण्या?"

"हो," काका म्हणाले.

"दुधाची चार भांडी. फ्रिजच्या कप्प्यांवर चिठ्ठ्या. 'हात लावू नये.' प्रत्येक खोलीला बाहेरून वेगळं कुलूप." बाईंनी नाक पुसलं. "एका कुटुंबात?"

सगळे मालकांकडे बघायला लागले आणि मालक आईच्या फोटोकडे. तेव्हा सिस्टर पुढे झाली. रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल.

"आमचं पटत नाही," ती म्हणाली.

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "आमच्याकडे तीन बरण्या आहेत," त्या म्हणाल्या, आणि पॅसेजमध्ये वळल्या.

जपूनरावाला वाटलं, सुटलो. एवढ्यात बाईंनी मोबाइल काढला. "तक्रारदाराचं नाव गुप्त असतं. पण तक्रार काय आहे ती ऐकवते, म्हणजे एकेक मुद्दा बघून घेऊ."

नाव गुप्त ठेवणार होते. आवाजाबद्दल कुणी काहीच म्हणालं नव्हतं.

"सदर निवासात," पॅसेजभर जपूनरावाचा आवाज घुमला, "पहिल्या खोलीत एक वृद्ध गृहस्थ उघड्या ज्योतीवर मेण वितळवतात. त्यांचा हात कापतो. ते एक ना एक दिवस आम्हा सर्वांना घेऊन जातील. दुसऱ्या खोलीतील तरुण निष्काळजी असून त्यास अक्कल कमी आहे. तिसऱ्या खोलीतील महिला कुंभकर्णासारखी झोपते. आग लागल्यास तिला वाचवण्याच्या प्रयत्नात इतरांनी जीव गमावू नये, असे माझे प्रामाणिक मत..."

बाईंनी बंद केलं. पॅसेजमध्ये इतकी शांतता झाली की गीझरने आपण होऊन 'भप्प' केलं.

"अक्कल कमी?" बॅटरी म्हणाला. "तुम्हाला ताप आला तेव्हा औषध कुणी आणलं होतं? अकलेनेच आणलं ना?"

"मला वाचवू नये?" सिस्टर म्हणाली. "अरे, त्या तापात मी तीन दिवस माझी झोप सोडून तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. कुंभकर्ण ठेवतो का पट्ट्या?"

"माझं म्हणणं तसं नव्हतं, सामान्य जोखमीच्या दृष्टीने..."

"हा असाच आहे!" सिस्टर म्हणाली. "पहिल्यापासून! स्वतःचा जीव तेवढा जीव!"

"तुम्ही नाही का मागच्या महिन्यात माझं दूध..."

"दुधाचं काढू नकोस हं! दुधाचं काढलंस तर मी सगळंच काढीन!"

 काका आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. "कापतो," ते शेवटी म्हणाले. "सकाळी सकाळी कापतो थोडा. मला वाटलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नसेल." मग त्यांनी जपूनरावाकडे पाहिलं. "मला सांगायचंस ना. परक्याला कशाला सांगितलंस?"

जपूनरावाला या घरात आल्यापासून अनेकदा वाटलं होतं की जमीन दुभंगेल. आज पहिल्यांदाच त्याला ती सोय असावी असं मनापासून वाटलं.

तपासनीस बाईंनी टॉर्च बंद केला. "झालं माझं," त्या म्हणाल्या. "भाडेकरू असं भांडत नाहीत. भाडेकरू घर सोडून जातात. कौटुंबिक वाद म्हणून तक्रार बंद करते."

"पण ते दार!" जपूनराव ओरडला. "मागचं दार तर बघा!"

"राहत्या कुटुंबाने आपल्या घराचं दार उघडावं की लावावं, यात आमचं खातं पडत नाही. वडिलांना सांगा." आणि त्या जिना उतरायला लागल्या.

मालकांनी मोठा श्वास सोडला. मालक म्हणून नव्हे, मामा म्हणून. ते स्टुलावर बसून आता काय काय करावं लागणार नाही याचा मनाशी आनंद घेऊ लागले. घंटी नको, जिना नको, नवा गीझर नको. मामाकडे कुणी गीझर मागतं का?

सिस्टर मात्र मागच्या दाराकडे वळली. "दार हवंय ना तुला?" ती जपूनरावाला म्हणाली. "दारासाठी आम्हाला विकलंस ना? घे दार. बॅटरी, आण रे ती पहार."

बॅटरीने स्कूटरच्या डिकीतून टॉमी, म्हणजे त्याची छोटी पहार, आणली. मालक "अहो, नको, नको, ऐका" म्हणत मागे धावले, पण पॅसेज अरुंद होता आणि मालक सगळ्यात मागे होते. गंजकं कुलूप दुसऱ्या घावाला कोयंड्यासकट निघालं. बॅटरीने दाराला खांदा लावला. दार उघडलं, आणि जपूनरावाने मागून त्याचा शर्ट धरला नसता तर बॅटरी दाराबरोबरच बाहेर गेला असता.

बाहेर काही नव्हतं.

समोर गोदामाची पाठमोरी भिंत होती, खाली खोल कुठेतरी कचऱ्याची गल्ली होती, आणि मधे नुसती हवा. उंबऱ्याखाली भिंतीत लोखंडाचे दोन कापलेले तुकडे शिल्लक होते.

"जिना?" जपूनराव म्हणाला.

"भाऊ घेऊन गेला," मालक मागून म्हणाले. "म्हटलं नव्हतं का, जिना त्याचा होता? वाटणी झाल्या वर्षीच कापून नेला. भंगारात घातला म्हणतात."

"मग सांगितलं का नाही?"

"घरातली भांडणं चारचौघांत कशी सांगणार?" मालकांचे डोळे भरून आले. "म्हणून तर कुलूप लावलं होतं. कुणी पडू नये म्हणून. या घरासाठी मी तेवढंच काय ते केलं होतं, ते तुम्ही आज तोडलंत."

 त्या घरातली एकमेव सुरक्षा व्यवस्था पॅसेजच्या फरशीवर कोयंड्यासकट पडली होती.

"नवं कुलूप लावून द्या," सिस्टर म्हणाली. "मी रात्री अर्धवट झोपेत न्हाणीघर शोधते. आत्ता लावून द्या."

"तुमचं शंभर टक्के बरोबर आहे," मालक म्हणाले, आणि जपूनरावाला कळलं की आता कुलूप कधीच येणार नाही.

तो अनवाणीच खाली धावला. तपासनीस बाई कोपऱ्यावर उभ्या राहून नाक पुसत होत्या.

"बाई, मागे जिनाच नाही! दार उघडलं की सरळ खाली! मालकांना सांगा, निदान विटा लावून बुजवा म्हणावं. तुमचं ऐकतील."

"कोण मालक?"

"मामा."

"मामा म्हणजे मालक?" बाईंनी विचारलं. त्यांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "बोला. जे खरं असेल ते बोला, मी ऐकते. फक्त एवढं लक्षात ठेवा, माझ्या पिशवीत सील आहे. जिना नाही."

जपूनरावाने वर पाहिलं. त्याच्या खोलीच्या खिडकीत, नव्या गजांच्या मागे, तिघं उभे होते. कुणी हात करत नव्हतं. सिस्टर अजून रात्रपाळीच्याच कपड्यांत होती, तिला झोपायचं होतं. खरं बोलायची संधी आयुष्यात माणसाला फार कमी वेळा मिळते, आणि ती नेमकी अशाच वेळी मिळते.

"मामा म्हणजे मामाच," तो म्हणाला.

"ठीक," बाई म्हणाल्या. "मग घरातच मिटवा." आणि त्या गेल्या. बहुधा पुढच्या कुटुंबाकडे.

तो वर आला तेव्हा मालक निघून गेले होते. सिस्टरने आपल्या खोलीचं दार आतून कडी लावून बंद केलं होतं. आणि पॅसेजमधून काका प्लास्टरच्या जबड्यांनी भरलेला ट्रे घेऊन पाय ओढत चालले होते, टोकाच्या खोलीकडे.

"बॅटरी," काका म्हणाले. ते जपूनरावाशी बोलणार नव्हते. "त्याला सांग, आजपासून माझी खोली त्याची. जिना अगदी दाराशी आहे. दिवा, मेण सगळं मी टोकाला घेऊन जातो. पेटलं तर माझं मी बघेन, त्याला निघायला मोकळं राहील."

"काका, नको," जपूनराव म्हणाला.

तो 'नको' मनापासून म्हणाला. पण म्हणताना त्याची नजर काकांच्या खोलीच्या दारावरून जिन्यावर गेली आणि परत आली. तेवढं अंतर नजरेने मोजलंच. ते काकांना दिसलं. बॅटरीलाही दिसलं.

"राहू दे," काका म्हणाले. "मला कुठे पळायचंय?"

दुपारभर जपूनराव काकांचं सामान वाहत होता. लोकांचे वरचे जबडे, खालचे जबडे, मेणाच्या वड्या, स्पिरिटची बाटली, आणि भिंतीवरून काढलेला आईचा फोटो. बॅटरी मदतीला आला नाही. 'अक्कल कमी आहे ना' एवढंच म्हणून तो कामावर गेला. संध्याकाळपर्यंत जपूनराव त्या घरातला सगळ्यात सुरक्षित माणूस झाला होता. त्याने पुढच्या खोलीत आपलं अंथरूण घातलं, त्यावर बसून पाहिलं. दारातून जिना दिसत होता. इतका जवळ की नुसत्या भीतीनेसुद्धा खाली जाता आलं असतं. तो बराच वेळ बसला. मग खुर्ची उचलून पॅसेजमध्ये गेला.

टोकाला मागचं दार कोयंड्यावाचून आता लागत नव्हतं, आणि काका त्या उघड्या दारासमोर स्टूल टाकून बसले होते, आडवे, पाय चौकटीला लावून, म्हणजे त्यांना ओलांडल्याशिवाय कुणाला दारापर्यंत जाता येऊ नये. मांडीवर कुणाची तरी कवळी होती. दारातल्या वाऱ्याने दिवा पेटत नव्हता. ते काडी ओढत, हात कापे, काडी विझे, ते दुसरी काढत.

"बाबा, आत सरका," जपूनराव म्हणाला. म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण तपासणी संपली होती, ऐकायला कुणी नव्हतं, मग त्याने ते दुरुस्त केलं नाही.

काकांनीही केलं नाही. "तू पुढे जा," ते काडी ओढत म्हणाले. "सिस्टरला आज सुट्टी आहे. अंधारात उठली की ती इकडेच येते. इथे कुणीतरी बसायला हवं."

"मी बसतो."

"तू? तू काय बसणार? खाली बघितलंस तरी तुला घेरी येईल."

"येते," जपूनराव म्हणाला. त्याने खुर्ची काकांच्या स्टुलाला टेकवून ठेवली, दोन्ही हातांनी चौकट पकडली आणि डोळे मिटून बसला.